टापेटची फट

पातूर,
दि. २७ सप्टेंबर २०२४

आचलचे बाबा,

साधनाचा नमस्कार. मी आणि आचल ठीक आहोत. तुमची तब्येत कशी आहे? मागच्या मुलाखतीत तुमचा खोकला जाळीच्या इकडे ऐकू येत होता, बोलणं मात्र येत नव्हतं. आजूबाजूला सगळेच ओरडत होते. विचारायचं होतं ते राहून गेलं, म्हणून पत्र लिहिते आहे. जेलात पत्र उघडून वाचतात म्हणे. यात लपवण्यासारखं काही नाही, इंजनाचीच गोष्ट आहे.

जूनच्या वादळात आपल्या वावरातला लायनीचा खांब पडला, ते तुम्हाला सांगितलं होतं. तो अजून तसाच आडवा आहे. पावसाळाभर काही अडलं नाही. आता पंधरा दिवस झाले, पावसानं दडी मारली. झेंडूनं कळ्या धरल्या आहेत, शेवंती गुडघ्याला लागली आहे, वांगी दुपारी माना टाकतात. विहिरीत पाणी वरपर्यंत आहे, पण मोटर बंद. शेवटी इंजनाची खोली उघडली. गेल्या वर्षीच्या मे महिन्यापासून तिला कुलूपच होतं.

चाक जाम झालं होतं. बसस्टँडजवळच्या नत्थुजी मिस्त्रींना ऑटोत बसवून आणलं. म्हातारे आता फार थकले आहेत, हात थरथरतात, पण दोन दिवस डिझेल आणि तेल सोडून सोडून त्यांनी चाक फिरतं केलं. इंजन फिरवायचं लोखंडी हँडल आपल्याजवळ नाही, ते तुम्हाला माहीत आहे. त्यांनी त्यांच्या दुकानातलं दिलं. चार वेळा फिरवलं. इंजन धूर सोडतं, पण धरत नाही, चालूच होत नाही.

मिस्त्री म्हणाले, "टापेट पाहा लागते. व्हालची फट बराबर नसन."

"मंग पाहा ना तुम्हीच."

"बाई, ते पत्ती मले दिसत नाई आता. गजेंद्रले विचार. या इंजनाची नस त्यालेच मालूम."

म्हणून तुम्हाला विचारते. व्हॉल्ववरचं झाकण उघडल्यावर कुठलं चाक कुठवर फिरवायचं, फट मोजायची पत्ती कुठे घालायची, कोणता नट आधी सोडायचा, सगळं ओळीनं लिहा. मला काहीच येत नाही असं धरून लिहा. तुम्ही मला त्या झाकणाला कधी हात लावू दिला नाहीत. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा फक्त, इंजन चालू असताना, स्क्रूड्रायव्हरचं टोक झाकणावर टेकवून मूठ माझ्या कानाला लावली होती. "ऐक," म्हणाला होतात, "दोघं व्हाल कसे एका सुरात बोलून राह्यले." मला नुसती खडखड ऐकू आली होती. पण मी हो म्हटलं, आणि तुम्ही दिवसभर खुशीत होता.

आचलची अकरावी नीट चालू आहे. तारखेच्या दिवशी न्यायला म्हणून तुमचा पांढरा शर्ट तिनं आताच इस्त्री करून ठेवला आहे. तुमचे वकीलसाहेब परवा घरी येऊन गेले. त्याबद्दल पुढे कधी लिहीन.

जिवाला जपा. खोकल्याचं डॉक्टरांना दाखवा.

तुमची,
साधना


पातूर,
दि. २२ ऑक्टोबर २०२४

आचलचे बाबा,

नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. आकृती काढून पाठवलीत ते फार बरं केलं. एवढं मोठं पत्र तुम्ही मला आधी कधीच लिहिलं नव्हतं. मी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून इंजनाच्या खोलीत खिळ्याला टांगला आहे.

इंजन चाललं. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल.

तुम्ही लिहिलं तसं इंजन पुरतं गार असताना झाकणाचे दोन नट सोडले. आत काळं घट्ट तेल होतं, ते चिंधीनं पुसलं. चाक हळूहळू फिरवलं. हवा घेणारा व्हॉल्व खाली दबला, मग वर आला, त्यानंतर चाकावरची खूण तुम्ही सांगितलेल्या रेघेशी आणली. दोन्ही व्हॉल्व बंद. इथवर जमलं. पण हात सोडला की चाक सरकायचं, खूण निघून जायची. एका हातात पत्ती, एका हातात पाना, चाक कशानं धरू? विटा लावून पाहिल्या, लाकूड अडकवलं. तीन दिवस हाच खेळ चालला. आचल त्या खोलीत पाय टाकत नाही, तिला मी म्हणतही नाही.

चौथ्या दिवशी कोणीतरी चाक धरलं. दोन्ही हातांनी, जराही हलू न देता.

बेबीताईंनी धरलं. हे न लिहिता पत्र संपवावं असं वाटत होतं, पण तुम्हाला गावातून कळेलच. देवमनदादा गेल्यापासून त्यांचं वावर त्या एकट्याच पाहतात. विहीर दोन्ही घरांची, इंजन दोन्ही घरांचं, आचलच्या आजोबांनी आणि त्यांच्या भावानं मिळून घेतलेलं. त्यांचाही झेंडू सुकत होता. दीड वर्षात आम्ही जावाजावा एक शब्द बोललो नव्हतो. त्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत यायला त्यांना किती वेळ लागला ते मी पाहत होते. नजर खाली, त्या जागेकडे. मग पदर खोचून आल्या आणि म्हणाल्या, "कुठी धरू?"

मी खूण दाखवली. त्यांनी धरलं.

हवा घेणाऱ्या व्हॉल्वमध्ये पत्ती घासत गेली, तुम्ही लिहिलंत तशीच. सायलेन्सरकडच्या व्हॉल्वमध्ये शिरली नाही. मग तिच्याहून पातळ घातली, तीही नाही. जुडग्यातली सगळ्यांत पातळ पत्तीसुद्धा गेली नाही. तिथे फट नव्हतीच. तुम्ही शेवटचं टापेट बसवल्यावर ते झाकण कोणी उघडलेलं नाही. बेबीताईंनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "फट नाई." त्या काहीतरी बोलल्या. मी कामात होते.

वरचा चेकनट सोडला, स्क्रू उलटा फिरवला, पत्ती सरकायला लागली. नट आवळला की स्क्रू सोबत फिरायचा आणि पत्ती पुन्हा अडकायची. स्क्रू धरून ठेवून नट आवळायचा, हे तुम्ही दोनदा लिहून खाली रेघ मारली होती, तरी मला पाच वेळा करावं लागलं. बोटांची सालं निघाली. मग झाकण लावलं, हँडल बेबीताईंनी आणि मी मिळून फिरवलं. तिसऱ्या फेरीला धरलं. पाइपातून आधी गंजाचं लाल पाणी आलं, मग स्वच्छ. मी दांडात उतरून पाण्यात उभी राहिले. बेबीताई त्यांच्या बांधावर जाऊन बसल्या.

आता एक दिवस आमचं पाणी, एक दिवस त्यांचं. झेंडू दिवाळीला हाती येईल.

वकीलसाहेब पुन्हा आले होते. एक कागद देऊन गेले आहेत. आचल बरी आहे.

तुमची,
साधना


पातूर,
दि. ८ डिसेंबर २०२४

आचलचे बाबा,

नमस्कार. तुमचं पत्र वाचलं. "त्या बाईला खोलीत का येऊ दिलंस," असं विचारलं आहे. खोली त्यांचीही आहे. चाक धरायला दुसरं कोणी आलं नाही.

झेंडू दिवाळीला अकोल्याला गेला. दोन्ही घरांचा एकाच गाडीत गेला. शेवंतीचं मात्र अवघड दिसतं. इंजन पुन्हा धरेना. मी टापेट दोनदा तपासलं, दोन्हीकडे पत्ती बरोबर सरकते. नत्थुजी मिस्त्रींना आणलं. त्यांनी हँडल हळू फिरवलं, सायलेन्सरच्या तोंडाशी कान नेला. आत दाब राहत नाही, तिथून फुसफुस हवा निघून जाते. म्हणाले, "फट नसताना चालवलं असन लय दिवस. व्हाल जयला, त्याची बैठकबी जयली. आता टापेट किती बी बसव, काही होत नाई." व्हॉल्वही जळला आणि तो बसतो ती जागाही; ती जागा ज्यात असते ते हेड या इंजनाचं नवं मिळत नाही, ती कंपनी केव्हाच बंद झाली. जुन्या सामानात अकोल्याला शोधतो म्हणाले. त्यांच्या बोलण्यात काही दम नव्हता.

पावडर लावून व्हॉल्व घासून दिला आहे. त्यानं आठ दिवस चाललं, मग पुन्हा तेच. आता आम्ही दोघी सकाळी वीस-वीस वेळा हँडल मारतो. कधी धरतं, कधी नाही. बेबीताईंच्या मनगटाला सूज आली आहे.

वकीलसाहेबांचा कागद पाठ झाला का, असं तुम्ही विचारलं आहे. पाठ झाला आहे.

आचल तुमच्याशी मुलाखतीत काय बोलली ते मला सांगत नाही. घरी आल्यापासून माझ्याशी कमी बोलते.

साधना


पातूर,
दि. ९ जानेवारी २०२५

आचलचे बाबा,

नमस्कार. आज दुपारी घरात कोणी नाही म्हणून लिहायला बसले आहे. पुढच्या गुरुवारी, सोळा तारखेला, अकोल्याच्या कोर्टात माझी साक्ष आहे. त्याआधी हे पत्र तुम्हाला मिळावं म्हणून उद्या पहिल्या गाडीनं येऊन जेलच्या फाटकावर देणार आहे. कोर्टात सगळ्यांसमोर तुम्हाला पहिल्यांदा कळावं असं मला नको आहे.

वकीलसाहेबांच्या कागदावर असं आहे: देवमन उगले कुदळ घेऊन अंगावर धावून आला, माझ्या नवऱ्यानं जीव वाचवायला हातातलं हँडल फिरवलं, ते चुकून डोक्याला लागलं. मला हे झोपेतही म्हणता येईल. आचलनं माझ्याकडून रोज म्हणवून घेतलं. ती कागद धरून बसायची, मी म्हणायची. मी ते कोर्टात म्हणणार नाही.

कुदळ खोलीत नव्हती. कुदळ माझ्या हातात होती. मी दांड साफ करत होते.

त्या दिवशी लाइन नव्हती, म्हणून सकाळपासून तुम्ही इंजनाशी झुंजत होता. दहा वाजता दादांची पाण्याची पाळी सुरू व्हायची. ते आले, दारात उभे राहिले. आवाज चढवून काही बोलले नाहीत. म्हणाले, "काऊन रे गजा, धरत नाई का?"

तुम्ही म्हणालात, "धरते."

"सायलेन्सरकडचा व्हाल टाइट केला तू. फट ठेवली नाई. होय बाजूले, मी पाहतो."

"राहू दे."

"अरे, बाबानं दोघाईले संगच शिकवलं. तुले अजून जमत नाई त्याले मी काय करू?" असं म्हणून ते हसले. तुम्हाला चिडवायचे तसंच, लहानपणापासून चिडवत आले तसं. मग पाना घेऊन झाकणाचा नट सोडायला वाकले. त्यांची तुमच्याकडे पाठ होती. मी दांडातून पाहत होते, वीस पावलांवरून. दार सताड उघडं होतं. तुम्ही हँडल काढलंत आणि मारलंत.

मी हे त्याच दिवशी पोलिसांना सांगितलं होतं आणि तेच सांगणार आहे. पण एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. पोलिसांना नाही, आचलला नाही, तुम्हाला तर नाहीच.

पहिल्यानंतर दादा गुडघ्यांवर बसले. त्यांनी एक हात इंजनाच्या चाकावर टेकवला होता. तुम्ही थांबला होता. हँडल खाली होतं. तुमचं तोंड माझ्याकडे होतं, पण तुम्ही मला पाहत नव्हता. मी ओरडायला पाहिजे होतं. "थांबा" एवढा एक शब्द. मी कुदळ धरून तशीच उभी राहिले. भीती वाटली म्हणू का? मला आजही ठाऊक नाही. त्या उन्हाळ्यात रोज पाळीवरून कटकट होती, दादांच्या चिडवण्यानं माझंही डोकं फिरायचं. कदाचित तेव्हा माझ्या मनातही काही वाईट असेल. मग तुम्ही हँडल पुन्हा उचललंत.

मी ओरडले असते तर तुम्ही उचललं नसतं. हात एकदा थांबलेलाच होता. दादा आज वाकड्या मानेनं का होईना, बांधावर बसलेले असते. तुम्ही वर्षा-दोन वर्षांत सुटून आला असता. मी रोज हे मोजते, किती वेळ होता. पाण्याचा घोट घेऊन पेला खाली ठेवावा एवढा तरी होता.

आणि दादा खरं बोलत होते. सायलेन्सरकडच्या व्हॉल्वला फट नव्हती. मी माझ्या हातानं सगळ्या पत्त्या घालून पाहिल्या. तेव्हा बेबीताई काहीतरी बोलल्या असं मी लिहिलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "तेच म्हनत होते ना ते." चाक त्यांनी सोडलं नाही. मी टापेट बसवेपर्यंत तशाच धरून उभ्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून चाकावर पडत होतं, कारण पुसायला हात मोकळा नव्हता.

तीन आठवड्यांपूर्वी इंजनाशी असताना त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "कोर्टात काय सांगशीन?"

मी म्हटलं, "जे पाह्यलं ते."

त्या म्हणाल्या, "तू खरं सांगशीन तं तुहा नवरा जाईन. माहा काही येनार नाई." मग म्हणाल्या, "पन सांगजो."

मला वाटलं, आता त्यांनाही सगळं सांगून टाकावं. मधल्या वेळाचं, माझ्या गप्प उभं राहण्याचं. मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. विचारलं, "म्हंजे ते बसले होते तवा जित्ते होते?" मी हो म्हटलं. "तुह्याकडं पाह्यलं त्याईनं?" मी म्हटलं, नाही, त्यांची पाठ होती. बेबीताईंनी हँडल जमिनीवर ठेवलं, हात पुसले आणि गेल्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत. त्यांनी वावर बटाईनं देऊन टाकलं आहे आणि पौर्णिमाकडे, त्यांच्या लेकीकडे, धारणीला राहायला गेल्या. जाताना आमच्या दारावरूनच गेल्या. त्यांनी मान वर केली नाही.

चाक धरायला आता कोणी नाही, आणि धरून उपयोगही नाही. नत्थुजींना हेड मिळालं नाही. शेवंती उभी वाळली. मी ती उपटायलाही गेले नाही.

आचल आज सकाळी अमरावतीला गेली, अमोलमामाकडे. काल मी तिला सांगितलं, कागदावरचं मी म्हणणार नाही. तिनं विचारलं, "तुले बाबा पाह्यजे का नाई?" मी म्हटलं, "पाह्यजेत." ती म्हणाली, "मंग काऊन?" सकाळी अमोल गाडी घेऊन आला होता. कॉलेजचं नाव तिकडेच घालणार आहे म्हणाला. तुमचा शर्ट तिनं सोबत नेला. तारखेला ती परस्पर कोर्टात येईल, तुमच्या बाजूनं बसेल.

तुम्ही म्हणाल, पोरीचं तरी तोंड पाहायचं होतं. पाहिलं. पुष्कळ पाहिलं. कागद म्हणवून घेताना ती "कुदळ" हा शब्द आला की नजर दुसरीकडे वळवायची. त्या दिवशी दादांना पाणी पाजायला धावली ती तीच होती. माझ्या हातातली कुदळ तिनंही पाहिली आहे. मी खोटं बोलले तर आयुष्यभर ती माझ्यासोबत ते खोटं सांभाळत बसेल. ती माझ्याशी न बोलता राहिली तरी चालेल, असं मी म्हणते खरं. घरात तिची चादर घडी न करता तशीच पडली आहे, आणि मला चालत नाही.

तुमच्या पत्रांवरून वाटतं, तुम्हाला आता ती कुदळ खरंच दिसते. वर्षभर रोज तेच ऐकलं तर दिसतही असेल. मी तुम्हाला दोष देत नाही. मलाही कधी कधी मी ओरडल्याचा आवाज ऐकू येतो.

मी तुम्हाला सोडून देत नाही. मुलाखतीला येईन, तुम्ही भेटलात तर. नाही भेटलात तर खोकल्याचं औषध फाटकावर देऊन जाईन. माझं ओरडायचं राहिलं, तेही मी कोर्टात सांगणार आहे. त्याची शिक्षा कोणत्या कायद्यात आहे की नाही, ते वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "हे बोलू नका, याची काही गरज नाही."

एकच मागते. त्या दिवशी माझ्याकडे पाहू नका. पाहिलंत तर माझ्या तोंडून कागदावरचंच निघेल, एवढी मी तुम्हाला ओळखते आणि स्वतःलाही.

आत जाण्यासाठी शिपाई माझं नाव पुकारेल. पूर्ण नाव पुकारतात, मधे नवऱ्याचं. ते ऐकून मी उठेन आणि आत येईन.

साधना गजेंद्र उगले